शेपटातली दोघं

विद्यार्थी त्यांना पाठीमागे सरासरीबाई म्हणत, आणि हे बाईंना ठाऊक होतं. संख्याशास्त्र शिकवता शिकवता चाळिशी उलटली, लग्नाचं राहूनच गेलं. त्याची खंत करत बसायला त्यांना सवड नव्हती. यंदा त्यांनी एक नवंच खूळ डोक्यात घेतलं होतं: लोक इंटरनेटवर एकमेकांना लिहितात, ते निरोप किती लांब असतात?

मजकुराशी देणंघेणं नाही, नुसती अक्षरं मोजायची. जुन्या घड्याळांच्या हौशी मंडळींचा एक छोटा मंच होता. मंच चालवणाऱ्यांनी सभासदांना विचारून आकडे दिले. लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या नावांऐवजी क्रमांक होते, आणि ज्याला त्याला आपला क्रमांक कळवलेला होता. बाई स्वतःही त्या मंचावर होत्या. वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा विचारायला गेल्या आणि तिथेच रमल्या.

आलेख काढला. ‘हो’, ‘जमलं’, ‘स्प्रिंग बदला’ असल्या आखूड निरोपांचा डावीकडे डोंगर, आणि उजवीकडे विरळ होत गेलेलं लांबच लांब शेपूट. लांबीचा लॉगरिदम घेतल्यावर, म्हणजे मोठे आकडे आक्रसून घेतल्यावर, शेपूट आवरलं गेलं आणि सुबक टेकडी उभी राहिली. फक्त उजव्या उतारावर एक टेंगूळ होतं.

धाकटी बहीण दातांची डॉक्टर. दवाखाना आटपून ती चहाला आली होती.

“हे काय गं, ताई?”

“कुणीतरी दोघं आहेत. एकमेकांनाच लिहितात, तेही पानंच्या पानं. एकाचं वाढलं की दुसऱ्याचंही वाढतं. गप्पिष्ट मेले.”

“कोण दोघं?”

बाईंनी चष्मा सावरून क्रमांक पाहिले आणि पडदा हळूच आपल्याकडे वळवला.

बहिणीला लोकांची तोंडं उघडायची सवयच होती. “त्यातला एक तुझा आहे ना?”

“अगं, घड्याळाबद्दल विचारत होते.”

“घड्याळ कधी सुरू झालं?”

“गेल्या वर्षी.”

बहिणीने कप खाली ठेवला. “आणि दुसरा?”

“एक घड्याळजी आहेत. नदीपलीकडे दुकान आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. लेक परगावी असते. कारलं अजिबात खात नाहीत.”

“हे सगळं लंबकाबद्दल विचारताना कळलं?”

बाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. स्वतःचेच आकडे अभ्यासात ठेवणं बरं दिसणार नाही, म्हणून त्यांनी ते दोन क्रमांक वगळले आणि आलेख पुन्हा काढला. टेंगूळ गेलं. टेकडी आता पुस्तकातल्यासारखी दिसत होती, आणि बाईंना ती मुळीच आवडली नाही.

“लिही त्यांना,” बहीण म्हणाली.

बाईंनी लिहिलं. आलेख, टेंगूळ, सगळं सविस्तर सांगितलं, आणि शेवटी विचारलं, की रविवारी दुकान बघायला आले तर चालेल का? पलीकडून ‘लिहीत आहेत’ असं दिसू लागलं. मग थांबलं, पुन्हा सुरू झालं. चहाची दुसरी फेरी झाली तरी तेच. दोघी बहिणी पडद्याकडे टक लावून बसल्या. अखेर उत्तर आलं.

“या.”

“एवढंच?” बहीण म्हणाली. बाईंचा चेहरा उतरला होता. पण रविवारी त्या गेल्या.

दुकान चिंचोळं होतं. भिंतभर घड्याळं, आणि एकाचाही दुसऱ्याशी मेळ नाही. घड्याळजींनी घाईघाईने डोळ्यावरचं भिंग काढलं, एकुलतं एक स्टूल पुसून पुढे केलं आणि स्वतः उभे राहिले. पानंच्या पानं लिहिणाऱ्या दोघांना बोलायला शब्द सापडेना.

“तुमचं उत्तर फारच आखूड होतं,” बाई शेवटी म्हणाल्या.

“बरंच लिहिलं होतं हो. सगळं खोडलं.”

“का?”

“म्हटलं, एवढं वाचलंत तर विचार बदलाल.” ते हसले. “आता समोर आहात, तर सांगून टाकू का?”

बाईंनी पर्स मांडीवरून काढून शेजारच्या फळीवर ठेवली आणि नीट टेकून बसल्या.

“सावकाश सांगा,” त्या म्हणाल्या. “काही गाळू नका.”