पाकनाथाच्या तोंडचं वाक्य

पाकनाथ हा यमुताईंच्या पुस्तकातला गोळ्या बनवणारा चक्रम म्हातारा. साखरेच्या पोत्यावर झोपायचा, डोक्याला गुलाबी फडकं बांधायचा आणि संत्र्याच्या सालीशी भांडायचा. यमुताई आमच्या शाळेत मराठी शिकवत. मी त्यांचा जुना विद्यार्थी. १९७६ साली नागपूरच्या काही हौशी मंडळींनी त्या पुस्तकावर मुलांसाठी तासाभराची फिल्म करायचं ठरवलं आणि पाकनाथाचं काम मला मिळालं. तेव्हा मी कोराडीच्या वीज केंद्रात कारकून होतो आणि संध्याकाळी नाटकं करायचो. वय बत्तीस. म्हातारा कसा चालतो, कसा वाकतो, काही ठाऊक नव्हतं.

"ओमप्रकाश, पाचपावलीत देवराव म्हणून आहेत. संत्र्याच्या फोडीसारख्या गोळ्या करतात. त्यांना काम करताना बघ जरा," यमुताई म्हणाल्या.

मी गेलो. देवरावांचा कारखाना म्हणजे घरामागची एक लांबट खोली. दोन भट्ट्या, एक तांब्याची कढई, तेल लावलेली दगडी फरशी आणि भिंतीत ठोकलेला लोखंडी आकडा. देवराव आत कुणालाच येऊ देत नसत. बायकोलासुद्धा नाही. मला म्हणाले, "पाहाचं असंन तर खिडकीतून पाहा जी. आत नका येऊ."

तीन दिवस मी खिडकीशी उभा राहिलो. साखर उकळून पाक दाटला की ते कढई उचलून फरशीवर ओतत. जरा निवल्यावर तो गोळा आकड्यावर टाकून ओढत. ओढता ओढता पिवळट काचेसारखा पाक पांढरा आणि रेशमी होई. पन्नाशी उलटलेला माणूस, पण हात एकदाही चुकत नव्हता. एकच गोष्ट विचित्र होती. कढईला हात घालण्याआधी ते दर वेळी मान किंचित मागे वळवत आणि हळू आवाजात म्हणत, "मांगं सर वं. मांगं सर."

मागे कुणीच नसायचं.

मला वाटलं, पाकनाथ सापडला! म्हातारा गोळ्यांशी बोलतो. दोन दिवस घरी आरशासमोर मी ती मान वळवणं, तो आवाज, तो 'गं'सारखा 'वं' घोटून घेतला. यमुताईंच्या पुस्तकात असलं काही नव्हतं. ते फिल्ममध्ये मी आणलं. पाकनाथ कढईपाशी जातो, मागे बघतो, "मांगं सर वं" म्हणतो आणि कढईच उडी मारून मागे सरकते. शूटिंगच्या वेळीच सगळे हसून लोळले. मग दिग्दर्शकांनी ते आणखी सहा ठिकाणी घातलं.

रविवारी सकाळी एका टॉकीजमध्ये शाळेच्या मुलांसाठी पहिला खेळ झाला. मी मोठ्या आनंदानं देवराव आणि त्यांच्या बायकोला, रुख्मिणीबाईंना, दोन पास नेऊन दिले होते. देवराव धुतलेलं धोतर नेसून आले होते. खेळ सुरू झाला. दुसऱ्यांदा ते वाक्य आलं तेव्हा अख्खं थिएटर माझ्याबरोबर ओरडलं. दिवे लागले तेव्हा त्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. काही काम निघालं असेल, असं मी धरून चाललो. विचारायला गेलो नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

ती फिल्म पुढे शाळाशाळांतून फिरली. कोराडीच्या बसमध्ये पोरं मला ओळखायची. कंडक्टरही गर्दी मागे लोटताना "मांगं सर वं" म्हणायचा आणि माझ्याकडे बघून डोळा मारायचा. साताठ वर्षं मी त्या तीन शब्दांवर मिरवलो.

१९८४ मध्ये मुंबईचे एक साहेब टीव्हीसाठी पाकनाथ नव्यानं करायला निघाले आणि त्यांनी मलाच बोलावलं. आता मी चाळिशीचा झालो होतो. म्हटलं, पुन्हा एकदा देवरावांना बघून यावं.

दार रुख्मिणीबाईंनी उघडलं. केस पार पांढरे झालेले. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली एक खाट. देवराव मागे कामात होते. मी येण्याचं कारण सांगितलं.

"पुन्हा करून राहिले काय तुमी ते?"

"हो. यावेळी टीव्हीवर. सगळ्या महाराष्ट्रात दिसेल."

"अन् ते बी म्हणान? मांगं सर?"

"तेच तर लोकांना आवडलं ना, बाई."

त्या खाटेच्या कडेला बसल्या. "भाऊ, ते कोणाले म्हणतेत ते, तुमाले मालूम हाय काय?"

मी म्हणालो, "गोळ्यांना."

"गोळ्याले काहून म्हणंन माणूस! आमची पोट्टी होती. गोपिका. सहा वर्साची. हे काम करत तं मांगंच उभी राहे, धोतराचा सोगा धरून. एक दिवस यायनं कढई उचलली अन् वळले. ते मांगंच होती. यायले दिसली नाही." त्यांनी पदर हातात घट्ट धरला होता. "तीन दिवस होती मंग. सव्वीस वर्सं झाले. रोज म्हणतेत. मी आयकतो सैपाक करता करता. कधी काही बोलली नाही मी."

थिएटरभर घुमलेलं ते हसू मला आठवलं आणि त्यात या दोघांच्या रिकाम्या खुर्च्या. मागच्या दारातून देवराव हात पुसत आले. बायकोच्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं.

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी मला वर ओढलं.

"तुमी खोटं नाही केलं जी," ते म्हणाले. "माहा आवाज हुबेहूब केला. खोटं असतं तं बसलो असतो मी शेवटपर्यंत."

"मी आता ते करणार नाही."

"तुमचं पोट थोडंच हाय त्याच्यावर. पाहा तुमी," एवढंच म्हणून ते परत भट्टीकडे गेले.

मुंबईला तालमीच्या पहिल्याच दिवशी मी साहेबांना सांगितलं की ते वाक्य मी म्हणणार नाही. ते हसले. मग कारण विचारलं. ते सांगणं माझ्या हाती नव्हतं. दोन माणसांनी सव्वीस वर्षं घरात ठेवलेली गोष्ट मी कुठल्या तोंडानं तिथे सांगणार होतो? "बस, नाही म्हणणार," एवढंच म्हणालो. साहेब म्हणाले, "मग तुम्हाला कशाला बोलावलं आम्ही?" दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो. माझ्या जागी त्यांनी दुसरा नट घेतला आणि वाक्य ठेवलं.

ज्या रविवारी संध्याकाळी ते टीव्हीवर दाखवणार होते, त्या दिवशी मी पाचपावलीत गेलो. काय करणार होतो, माहीत नाही. त्या दोघांनी एकटं बसू नये, एवढंच वाटत होतं. देवरावांकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या चंपतरावांकडे होता आणि गल्लीतली सगळी पोरं तिथे जमली होती. आम्ही तिघं देवरावांच्या ओट्यावर बसलो. आवाज स्पष्ट येत होता. नवा नट ते वाक्य किंचाळून, नाकातून म्हणत होता. ते देवरावांसारखं अजिबात नव्हतं. पोरं मात्र तशीच हसत होती. दर हसण्याला रुख्मिणीबाईंचा हात ओट्याच्या दगडावर फिरत होता.

संपल्यावर पोरं बाहेर सांडली. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी देवरावांसमोर येऊन मान वळवून म्हणाली, "मांगं सर वं!" बाकीची खिदळली. मी ताडकन उठलो.

देवरावांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. मग त्या मुलीला म्हणाले, "इकडं ये, बाई. बस. ते कोणाले म्हणतेत, सांगतो तुले."

आणि त्यांनी सांगितलं. फार थोडक्यात. माझी मुलगी होती, गोपिका तिचं नाव, पाक अंगावर सांडला, गेली. मी तिला मागे सर म्हणायला हवं होतं, तेव्हा म्हटलं नाही. म्हणून आता म्हणतो. आवाज न चढवता, आपल्या त्याच बोलीत, त्यांनी हे पोरांना सांगितलं. चंपतराव दारात उभे होते. वीस वर्षांचा शेजार, पण त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मग ती मुलगी म्हणाली, "आजोबा, तिले कोणती गोळी आवडे?"

देवराव विचारात पडले. "पेपरमिट," ते म्हणाले. "तवा मी पेपरमिटच करत होतो."

"नाही जी," रुख्मिणीबाई एकदम म्हणाल्या. "पेपरमिट तिले झोंबे. थुकून टाके ते. तिले लाल पाहिजे राहे. तुमी पाह्यलंच नाही कधी."

"लाल? लाल मी तवा करतच नव्हतो."

"करत होते. पोळ्याच्या टायमाले केली होती. तिनं फ्राकाच्या खिशात ठेवली, तं सारा फ्राक चिकट झाला. मीच धुतला."

"तो हिरवा फ्राक?"

"हिरवा कायचा, पिवळा. तुमच्या बहिणीनं रामटेकहून आणला होता."

देवराव बायकोकडे वळून बसले. "पिवळा होता काय तो," ते म्हणाले. "सांग बरं अजून."

पोरं एकेक करून निघून गेली. मी चपला घातल्या. त्या दोघांचं बोलणं चालू होतं, म्हणून निरोप न घेताच मी कोराडीची बस पकडायला निघालो.