रुम्दुलचं चाऽ

वीबके आमच्या घरी राहायला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. शाळा संपली की एक वर्ष परक्या देशात सेवा करायची, मग जर्मनीला परत जाऊन कॉलेज, असं तिचं ठरलेलं. गावच्या बालवाडीत ती मुलांना गाणी शिकवायची आणि मी तिथेच सकाळची पेज शिजवायची. तिचं नाव कुणालाच म्हणता येईना. दोन दिवसांत ती वीताई झाली.

आमची भाषा ती शिकली, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजायची. गावप्रमुख सारुनकाकांना "तू", माझ्या सासूबाईंनाही "तू".

"आजी, तू मासे छान कुटते."

सासूबाई गळ्यातल्या चौकटीच्या पंचाचं, क्रम्याचं, टोक तोंडावर धरून हसायच्या. "कुटते बाई. तुमच्याकडे काय काट्यांसकट गिळता?"

माझी रुम्दुल तेव्हा चार वर्षांची होत आली होती. तिच्याकडे शब्द कमी होते, पण एक खणखणीत होता: "चाऽ". मोठ्या माणसाला उत्तर देताना बाईच्या तोंडून आधी तोच निघायला हवा. हो म्हणजे चाऽ. ऐकलं म्हणजेही चाऽ. तुमचं पटलं नाही, पण मान राखते, तेही चाऽच. शेजारणी रुम्दुलची हनुवटी धरून म्हणायच्या, "मालिस, पोरीला वळण छान लावलंस गं." मला बरं वाटायचं. तिचा बाप थायलंडात बांधकामावर. वळण लावणारी मी एकटीच.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी पेज ढवळत असताना वीताई शेजारी येऊन बसली.

"मालिस, रुम्दुल ऐकत नाही."

"बापावर गेलीय. तोही ऐकत नाही."

"नाही. कान." तिने स्वतःचा कान ओढून दाखवला.

रुम्दुल अंगणात पाठमोरी बसून चिंचोके मांडत होती. वीताईने पातेल्याचं झाकण उचललं, तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि पळीने बडवलं. चुलीपाशी झोपलेला कुत्रा उठून पळाला. बाकीची सगळी मुलं वळली. रुम्दुलने पुढचा चिंचोका मांडला.

मग सावल्या हललेल्या दिसल्या म्हणून असेल, तिने वळून माझा चेहरा शोधला, पाहिला, आणि मान हलवून म्हणाली, "चाऽ."

"खेळात असली की असंच करते ती," मी म्हटलं.

खरं तर मला माहीत होतं. तान्ही असताना तिचे कान सारखे वाहायचे, माझी बाही ओली व्हायची. वाहायचे थांबले तेव्हा बरे झाले, असं मी धरून चालले. तिला हाक मारायचं सोडून तिच्या समोर जाऊन उभी राहायला मी कधी लागले, आठवत नाही. पाय शिकतात आणि डोक्याला कळू देत नाहीत. रात्री ती माझ्या पोटाला पाय लावून झोपायची. मी तिच्या कानाच्या पाळीशी ओठ नेऊन काहीबाही बोलायची, आणि ती झोपेत हसली की म्हणायची, बघ, ऐकतेय. माझ्या श्वासाने तिला गुदगुल्या होत होत्या, एवढंच.

पण हे एका मूल नसलेल्या मुलीने मला सांगावं, जिला जुलैत विमानात बसून निघून जायचंय, ते मला सोसलं नाही.

"जिल्ह्याच्या गावी बुधवारी कानाचे डॉक्टर बसतात," वीताई म्हणाली. "तू येणार? रुम्दुलला घेऊन?"

"चाऽ," मी म्हटलं.

तिने मला मिठीच मारली. बुधवारी मी सासूबाईंचे गुडघे चोळत घरी बसले. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा चाऽ म्हटलं. तिसऱ्या बुधवारी ती रस्त्याच्या वळणावर दोन तास उभी होती. मी तांदूळ पाखडत होते. खिडकीतून मला तिची टोपी दिसत होती. चौथ्या वेळी विचारताना तिने माझे दोन्ही हात धरले. "नक्की?" "चाऽ."

त्या बुधवारी पातेली घासून मी घरी आले तर रुम्दुल नव्हती.

"गोरीनं नेली की," शेजारीण म्हणाली. "मोटरसायकलवर पुढ्यात बसवून. तुला ठाऊक नाही?"

मी तशीच अनवाणी रस्त्याला लागले. रुम्दुल! रुम्दुल! धूळ नाकातोंडात जात होती. देवळापर्यंत पोचले आणि एकदम पाय थांबले. हाका कुणाला मारतेय मी?

तिथेच खाली बसले. लोक गोळा झाले. गोरे लोक मुलं कशी पळवतात हे जो तो सांगायला लागला. हेच लोक काल तिला आंबे देत होते.

दुपारी मोटरसायकल आली. रुम्दुलच्या हातात बर्फाचा गोळा, हनुवटीवर लाल ओघळ, कानात कापूस. वीताईचा चेहरा उन्हाने भाजलेला.

"आईशिवाय तपासत नाहीत," ती उतरता उतरता म्हणाली. "फक्त कान धुतला. पुढच्या महिन्यात, बारा तारखेला मोठी तपासणी. तू ये."

मी पोरीला ओढून घेतलं. गोळा धुळीत पडला. "कुणाला विचारून नेलीस?"

"तुला! चार वेळा विचारलं! चार वेळा हो म्हणालीस!"

"मी चाऽ म्हटलं."

"चाऽ म्हणजे हो!"

"चाऽ म्हणजे चाऽ!" सासूबाई मागून कडाडल्या. "सात महिने आमचा भात खाल्लास, एवढंही कळलं नाही?"

दोन दिवसांनी तिच्या संस्थेच्या बाई राजधानीहून आल्या. आमच्यातल्याच, पण पायात मोजे घालणाऱ्या. देवळाच्या मंडपात चटया टाकल्या. अर्धं गाव आलं. वीताई खांबाला टेकून बसली होती. आम्ही शिकवलं होतं तसे पाय बाजूला दुमडून, तळवे कुणाकडे न करता.

"मुलीला न्यायला तुम्ही परवानगी दिली होती का?" बाईंनी विचारलं. "दिली असेल तर विषय इथेच संपला. नसेल तर हिला परत पाठवावं लागेल."

सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हणायचं तर गावासमोर सांगायचं, की माझी पोर ऐकत नाही, मला माहीत होतं, आणि मी काही केलं नाही. नाही म्हणायचं तर तेही खोटंच. मी तोंड उघडलं आणि जे सवयीने निघतं तेच निघालं.

"चाऽ."

"हे कुठलं चाऽ?" सारुनकाका म्हणाले. कुणीतरी हसलं. "होचं, की ऐकल्याचं?"

"ऐकल्याचं," सासूबाई म्हणाल्या. "सून माझी पहिल्यापासून मवाळ. कुणालाही नाही म्हणत नाही."

वीताई माझ्याकडे बघत होती. मी चटईची एक काडी उपसली, नखाने चिरली. बाईंनी थोडी वाट पाहिली, मग वही मिटली.

चार महिने बाकी असताना ती गेली. जायच्या सकाळी मी तिला पेज वाढली, खारवलेलं अंडं फोडून दिलं. तिने खाल्लं नाही. तारीख लिहिलेला कागद माझ्यापुढे ठेवला.

"बारा तारीख. जाशील?"

माझे ओठ हलले. तिने तळहात उचलला. "चाऽ नको, मालिस."

मी कागद उचलून कमरेला खोचला. गाडी निघाली तेव्हा रुम्दुल पायरीवर उभी राहून हात हलवत होती. सगळे हलवत होते म्हणून.

बारा तारीख एप्रिलातल्या आमच्या नववर्षाच्या आदल्या दिवशी आली. घरोघरी झाडलोट, दारात फळांची ताटं.

"सणाच्या तोंडावर कुठे निघालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"रुम्दुलचे कान दाखवायला."

"नको जाऊस."

मी चाऽ म्हटलं नाही. "जाते," म्हटलं, आणि पोरीला कडेवर घेतलं.

दवाखान्यात तिला एका लहान खोलीत बसवलं, कानांवर मोठ्या वाट्या चढवल्या. हातात लाकडी ठोकळा, पुढ्यात पत्र्याचा डबा. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा, हे नर्सबाईंनी खुणांनी समजावलं. रुम्दुलने मान हलवली. "चाऽ."

तिने पटापट सात-आठ ठोकळे टाकले. मी नर्सबाईंकडे वळले, "बघा, येतंय तिला ऐकू!"

"बाई," नर्स हलकेच म्हणाल्या, "मी अजून मशीन लावलंच नाही. ती तुमच्याकडे बघतेय. तुम्ही मान हलवली की टाकतेय."

रुम्दुल माझ्याकडे बघून हसत होती. पुढचा ठोकळा हातात तयार.

"तुम्ही भिंतीकडे तोंड करा," नर्स म्हणाल्या. "आणि काही झालं तरी वळायचं नाही."

मी वळले. समोर पोपडे आलेली निळी भिंत होती. पाठीवर तिची नजर जाणवत होती. ती माझा चेहरा शोधत होती. मागे मशीनची कळ दाबल्याचा खट् आवाज झाला. मग काही नाही. पुन्हा खट्. काही नाही. मी नखं तळहातात रुतवली.

बऱ्याच वेळाने डब्यात एकदा टण् वाजलं.

मी वळले नाही. पुढच्याची वाट बघत राहिले.