पुण्याहून सोलापूर, सुताच्या मापानं

मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या हुसेनसाबांचं कबुतर बोलतोय. रंगानं राखी, गळ्याला हिरवी झाक. वाचता-लिहिता येत नाही. पण पुणे ते सोलापूर किती लांब, ते मी पंखांनी मोजलंय.

हुसेनसाब हातमागावर लुगडी विणत. उरलेला जीव आम्हा कबुतरांत. त्यापायी त्यांच्या बायकोला, अनवरीभाबींना, दहा वर्षांत माळवदावर मिरची वाळवता आली नव्हती.

शेजारी रामहरी, रेल्वेतले निवृत्त गार्ड. मेलगाडीचा त्यांना पोटच्या पोरासारखा अभिमान. एकतीस सालच्या उन्हाळ्यात ते म्हणाले, "हुसेनसाब, पुण्याहनं मेल सा तासांत येती. तुमचं पाखरू वाटंतच म्हातारं व्हईल की!"

हुसेनसाबांनी शाळेतल्या नकाशावर मागाचं सूत धरलं. रुळांच्या वळणानं पुणं गाठलं, मग तेच सूत सरळ ताणलं, तर बोटभर उरलं.

"ह्ये बोटभर माझ्या कबुतराचं," ते म्हणाले. "मेलच्या आधी खुराड्यात शिरलं न्हाय, तर समदी कबुतरं मंद्रूपच्या बाजारात देऊन टाकीन."

"शब्द दिलाय बरं का," आतून भाबी म्हणाल्या.

मला टोपलीत घालून ते स्वतः पुण्याला गेले. सकाळी सहाला मेल सुटली आणि त्यांनी डब्याच्या दारातून मला सोडलं. दहाला मी पेठेत.

पण माळवदावर बघतो तर अर्धी पेठ! मधोमध रामहरी, हातात घड्याळ. परका माणूस दिसला तर उतरायचं नाही, हे हुसेनसाबांनीच मला शिकवलेलं, कबुतरचोर फार. बोलवायला मालक हवा, आणि मालक गाडीत! एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

समोरच्या पत्र्यावर बसलो. पाय भाजत होते. एक उचलायचा, दुसरा टेकायचा.

"नाचतंय बघा!" कुणीतरी ओरडलं.

पावणेबारा झाले. अलीकडच्या बाळे स्टेशनाकडून मेलची शिट्टी ऐकू आली. रामहरी हसले, "भाबी, मिरच्या काढा!"

भाबी माझ्याकडेच बघत होत्या. माझी चोच मिटत नव्हती.

"उतरा समदे खाली," त्या म्हणाल्या.

"आन मग साक्षीला कोन?"

"मी हाय की. पुण्यापासनं उपाशी आलंय त्ये. मिरच्यांपायी तापल्या पत्र्यावर मरू देऊ व्हय?"

माळवद रिकामं झालं. भाबींनी पाण्याचं भांडं ठेवलं आणि पदराआडून हुबेहूब हुसेनसाबांसारखी हाक घातली, "आऽ आऽ आऽ!" दहा वर्षं ऐकून पाठ झाली होती. मी उतरलो, पाणी प्यालो, खुराड्यात शिरलो. मेल अजून स्टेशनात यायची होती.

हुसेनसाब टांग्यातून उतरून धापा टाकत वर आले. माळवदावर चिटपाखरू नाही. त्यांचा चेहराच पडला.

"हारलो?"

"जवारी संपलीया," भाबी म्हणाल्या. "कबुतरं ऱ्हायची, तर दाणं आणाया नगं?"

आता मी म्हातारा झालो. समोरच्या पत्र्यापर्यंतही उडवत नाही. कुणी अंतर विचारलंच, तर सांगतो: पुण्याहून सोलापूर चार तास, आणि समोरच्या पत्र्यावरून घरी पावणेदोन तास. म्हणून एक विनंती. लांबून कुणी घरी येत असेल, तर दारात गर्दी करू नका. पाणी ठेवा आणि जरा बाजूला सरा.