पोलिकार्पोची मिस्सा

भूकंपाला वीस वर्षं झाली होती, तरी लिस्बनमध्ये नवी घरं उठतच होती. त्यामुळे आम्हा चुना लावणाऱ्या काळ्या लोकांच्या हाताला सवड नव्हती. आमच्यातला पोलिकार्पो तेवढा राजाच्या वाद्यवृंदात ओबो हे सनईसारखं वाद्य वाजवायचा. त्याची आई अंगोलाहून गुलाम म्हणून आलेली. मालकिणीनं मरताना या मायलेकांना मोकळं केलं. सणाला मात्र आम्ही सगळे एकाच चर्चमध्ये.

त्या वर्षी रोझरीमातेच्या सणासाठी त्यानं स्वतः मिस्सा, म्हणजे चर्चच्या उपासनेत गायचं संगीत, रचली. गायला नेहमीप्रमाणे मास्तर फेलिस्बेर्तोंचे गोरे गायक येणार होते. मास्तरांनी कागद चाळले, मागं जाऊन दोन पानं पुन्हा वाचली.

"छान आहे. कुणाचं उतरवलंस?"

"माझंच आहे, मास्तर."

"असू दे. वर नाव माझं घालू. तुझ्या नावावर माझे निम्मे लोक उभेच राहणार नाहीत."

पोलिकार्पोनं कागद गोळा केले, टोपी घातली आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी मी आणि जोआकिम एका कापडवाल्याची भिंत रंगवत होतो, तर हा शिडीखाली हजर. मला हाक मारून म्हणाला,

"टोमे, यंदा सणाला तुम्ही गायचं."

जोआकिम वरूनच म्हणाला, "ऊन लागलं वाटतं याला. अरे बाबा, आम्हाला अक्षर येत नाही."

"दिवसभर शिडीवर गाता तेव्हा अक्षर लागतं का?"

जोआकिम ब्रश घेऊन खाली उतरला.

मग सहा आठवडे, दुपारच्या सुट्टीत, चुन्याच्या भट्टीमागं आम्ही अकरा जण जमायचो. एका हातात भाकरी आणि सार्डिन मासे. तो ओबोवर एकेकाचा सूर वाजवायचा, आम्ही मागोमाग म्हणायचो. फार उंच सूर त्यानं स्वतःच्या ओबोकडे घेतले. एका जागी जोआकिम रोज घसरायचा.

"माझ्या गळ्यातच खोट आहे," तो शेवटी वैतागून म्हणाला.

"तुझी नाही, माझी खोट आहे," असं म्हणत पोलिकार्पो पालथ्या बादलीवर बसला आणि ती ओळ खोडून नवी लिहिली. लिहिलेलं संगीत असं बदलता येतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

सणाच्या दिवशी सुरुवातच फसली. आम्ही फार खालच्या सुरात उचललं आणि गोंधळलो. पोलिकार्पोनं हात वर केला, शांतपणे सूर दिला. दुसऱ्यांदा अकरा गळे एकत्र लागले. माझा आवाज त्या दगडी छपराखाली एवढा मोठा होऊन परत येईल असं वाटलं नव्हतं.  शिंपले विकणाऱ्या बायका गुडघ्यांवरून उठून आमच्याकडे वळून बघत राहिल्या.

मास्तर फेलिस्बेर्तो दाराशी उभे होते. सगळे पांगल्यावर पुढं आले.

"शेवटच्या आमेनला सूर कुठंच तुटत नाही. कसं साधलंस?"

"हे आळीपाळीनं श्वास घेतात, मास्तर. शिडीवर एकत्र गाताना तशीच सवय लागते."

मास्तरांनी त्याच्या हातातले कागद घेऊन शेवटचं पान उघडलं. मग म्हणाले, "नाताळाला मला ही मिस्सा हवी. नाव तुझंच राहील. ज्याला पटणार नाही त्यानं घरी बसावं."

नाताळाला मास्तरांचे चार जण खरंच घरी बसले. त्यांच्या जागी मी, जोआकिम आणि आमचे आणखी दोघे उभे राहिलो.