लाल चपलेचा नंबर

दवाखान्याची गाडी आठवड्यातून एकदाच यायची, शाळेच्या भिंतीलगत थांबायची आणि दुपार झाली की पुढच्या गावाला निघून जायची. म्हणून लोक पहाटेच भिंतीशी रांगेत एकेक चप्पल ठेवून कामाला लागत. चप्पल जिथे, तिथे तुमचा नंबर. त्यावर कुणी ब्र काढत नसे.

थोरलीला कधीपासून दम लागत होता. हंडा उचलला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण गाईच्या धारा काढून येईपर्यंत रांग पार कोपऱ्याला पोचलेली असायची, आणि दोनदा तिच्या तोंडावर गाडीचं दार लागलं होतं.

आजही ती धापा टाकत आली आणि बघते तर काय, पुढून तिसरी चप्पल धाकट्या जावेची. लाल पट्ट्याची, नवीकोरी. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. हिला साधी शिंक येत नाही आणि नंबर मात्र पुढचा. सासूची लाडकी हीच, नर्सताई हसून बोलणार हिच्याशीच, नव्या चपलाही हिलाच. जळायचं तरी माणसाने किती? सासूने हिच्या भाजीचं कौतुक केलं, तेव्हापासून थोरलीने अबोला धरला होता.

गाडी आली तशा सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. थोरलीने लाल चप्पल बगलेत मारली, शेवटाला नेऊन टाकली आणि तिच्या जागी आपली झिजकी ठेवली.

डॉक्टरांनी तपासलं, अंगात रक्त कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. ती बाहेर आली तर समोर धाकटी. एक पाय अनवाणी, लंगडत आलेली.

"झालं का दाखवून, जाऊबाई? तुमच्यासाठीच चप्पल ठेवली होती. तुम्हाला सांगितलं असतं तर हट्टाने आला नसतात, म्हणून मागच्या आठवड्यातच नर्सताईंना सांगून ठेवलं, लाल चपलेच्या नंबरवर तुम्हाला घ्या म्हणून." तिने रांगेवरून नजर फिरवली. "पण ती गेली कुठे?"

थोरलीने शेवटाकडे बोट दाखवलं. धाकटीने आधी चपलेकडे पाहिलं, मग थोरलीकडे.

थोरलीला खरं तर रडू यायला हवं होतं. आला तो रागच. मेली मला एक चोरीसुद्धा धड करू देत नाही.

"बस खाली. काटा मोडलाय पायात," ती खेकसली. तिने धाकटीचा पाय मांडीवर घेतला, बांगडीला अडकवलेली पिन काढली, आणि काटा काढताना ती गरजेपेक्षा जरा जोरातच टोचली.