कोलंबोला निघालेलं तिकीटयंत्र

मी बसकंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं यंत्र बोलतोय. खरं तर कंडक्टरच्या हातात मी कधी पोचलोच नाही. पण ज्या कामासाठी जन्म झाला, तीच ओळख सांगायची असते. मी हळू बोलतो, कंटाळू नका. मला आकडे आणि थांबे येतात, बोलायची सवय नाही.

झाशीच्या सीपरी बाजारात, सायकलच्या दुकानावरच्या माडीत कौशिकजींचा छोटा कारखाना होता. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या झाशीतलं. देवपूजा मराठीत, भांडण हिंदीत. माझी जोडणी प्रमोदिनीताईंनी केली. त्यांचे यजमान बबिन्याच्या छावणीत फौजी होते. ते गेल्यावर साताऱ्याच्या दिरांनी बोलावलं, पण ताई गेल्या नाहीत. मुलगी मेघना इथे शिकत होती. आणि दिराच्या घरी कोपरा मिळाला असता. इथे खिडकीजवळचं स्टूल त्यांचं स्वतःचं होतं.

मागणी श्रीलंकेतल्या बसगाड्यांची होती. कोलंबोचे व्यापारी म्हणाले होते, बटणांवर सिंहली अक्षरांचे स्टिकर लावा, चालेल.

ताईंनी मान हलवली. "घामाच्या बोटांनी चार दिवसांत निघतील, कौशिकजी. तो बिचारा कंडक्टर गर्दीत चाचपडत बसेल."

कधी न पाहिलेल्या माणसाच्या बोटांची ही काळजी! कौशिकजींनी ऐकलं आणि अक्षरं बटणांच्या साच्यातच ओतून घेतली. ती सुटत नाहीत, पुसली जात नाहीत. तेव्हा सगळ्या माडीला त्याचा अभिमान होता.

सगळ्यांत आधी मी तयार झालो, म्हणून खंडेनवमीला मला पाटावर बसवलं. ताईंनी कुंकू लावलं, पुढे दही-साखर ठेवली. "लांब चाललास," त्या म्हणाल्या. "निघताना जातो म्हणू नये रे. येतो म्हणावं." मी मनातल्या मनात म्हटलं. बाकीची भावंडं तयार होईतो हिवाळा सरला. आम्ही खोक्यांत बसून निघायची वाट पाहत होतो.

आणि तिकडे त्या देशाचे डॉलरच संपले. बाहेरून माल आणायला डॉलर लागतात. बँकांनी हात वर केले. डिझेल मिळेना, बसगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. व्यापाऱ्यांचा फोन आला, घरात गॅस नाही, अंगणात लाकडं पेटवतोय, यंत्रं कशी घेऊ? कौशिकजींना रागवायचं होतं, पण रागावणार कोणावर? शेवटी त्यांनीच पलीकडच्या मुलाबाळांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या एका कंपनीचा मालही असाच अडकला होता. त्यांनी स्टिकर सोलले, हिंदीचे चिकटवले आणि सगळी यंत्रं झाशीजवळच्या मोठ आणि एरच गावांकडच्या बसवाल्यांना देऊन मोकळे झाले. मग कौशिकजी मला घेऊन मोठला गेले. बसमालकाने मला उलटसुलट करून पाहिलं, बटणांवरच्या वाटोळ्या, वेटोळ्या अक्षरांवर बोट फिरवलं.

"कौशिकजी, हमारा कंडक्टर टिकट काटेगा कि जलेबी छानेगा?"

चहाच्या टपरीवरचे सगळे हसले. कौशिकजीही हसले. परतताना गाडीत मात्र मला रुमालाने पुसत राहिले. माझ्यावर धूळ नव्हती.

नवा साचा करण्याची ऐपत उरली नव्हती. माझी भावंडं उघडली गेली, मी तेवढा वाचलो. बॅटऱ्या आणि छपाईचे भाग दुरुस्तीवाल्यांकडे गेले. ज्या हातांनी स्क्रू बसवले, त्याच हातांनी ते काढले. शेवटच्या दिवशी ताई म्हणाल्या,

"स्टिकरच लावायला हवे होते. माझ्यामुळे बुडालं सगळं."

"नाही, ताई," कौशिकजी म्हणाले. "काम चांगलं झालं. तेवढंच चुकलं."

मेघनाचं नाव शाळेतून काढलं होतं. सामान बांधलेलं होतं. ताई माझ्यासमोर आल्या आणि बटणावर बोट ठेवून म्हणाल्या, "झाशी ते सातारा, दोन माणसं. देतोस का रे?"

माझ्या पोटात झाशी नव्हती. साताराही नव्हता. माझ्यापाशी होतं ते दिलं: कोलंबो ते कँडी, एक माणूस. त्यांनी ते तिकीट घडी करून पर्समध्ये ठेवलं. स्टूल नीट टेबलाखाली सरकवलं. दारात थांबल्या आणि म्हणाल्या,

"जाते."

आता मी कौशिकजींच्या घरी कपाटावर असतो. त्या तिकिटाचा कागद उष्णतेनं छापला जाणारा, काही महिन्यांत कोरा पडणारा; एव्हाना त्यावर काही उरलं नसेल. माझ्या बटणांवरची अक्षरं मात्र कालच ओतल्यासारखी ताजी आहेत. फटीत थोडं कुंकूही आहे.

तुमच्या हाती कधी एखादं यंत्र आलं आणि त्याच्या बटणांवरचे स्टिकर चार दिवसांत निघून गेले, तर करणाऱ्याला शिव्या देऊ नका. त्याचं स्टूल अजून खिडकीजवळ असेल.