बदली माणूस

दुपारी खिडक्यांना काळी चादर ठोकून, कानात कापसाचे बोळे कोंबून मी उशीत तोंड खुपसून पडलेला असतो, आणि नेमका तेव्हाच उशाशी फोन थरथरतो. आमचा शिफ्ट इनचार्ज. आम्ही सगळे त्याला गोडबोल्या म्हणतो. "दादा, जरा अडचण आहे, संध्याकाळऐवजी आत्ताच या ना." जरा अडचण म्हणे! याच्या जराशा अडचणींपायी माझी शिफ्ट इतकी फिरली की दात घासायचे ते उठलो म्हणून की झोपायचं म्हणून, हेच मला कळेनासं झालं.

काचेच्या बाटल्यांचा कारखाना आमचा. भट्टी कधी विझत नाही, त्यामुळे तिच्यासमोरची खुर्चीही रिकामी ठेवायची नाही, असा तिथला नियम. बदली माणूस येतो, खांद्यावर हात ठेवतो, आपण "सांभाळ" म्हणायचं आणि मगच उठायचं. भट्टीची केवढी ती काळजी! खुर्चीतला माणूस गेला खड्ड्यात.

शेवटी दवाखाना गाठला, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, "कॉर्टिसोल नावाचं हार्मोन असतं, ते सकाळी माणसाला जागं करतं. तुमचं ते झोपायच्या वेळेला चढतंय. शिफ्ट सारखी बदलते ना, शरीराला वाटतं कुणीतरी कायम मागे लागलंय."

"लागलंयच," मी म्हणालो. त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

हा सगळा राग घरी निघायचा तो लेकीवर. तिच्या हातून पेला पडला तरी मी अंगावर धावून जायचो. माझी पावलं जिन्यात वाजली की पोर पलंगाखाली जाऊन बसायची. शेवटी बायकोनं ठणकावलं, "पुन्हा तिच्यावर ओरडलात ना, तर मी तिला घेऊन माझ्या दादाकडे निघून जाईन. थट्टा नाही करत." थट्टा नव्हतीच.

मग एकदा दुपारी डोळा लागतोय न लागतोय तोच फोन आला. मी उठलो, शर्ट अंगावर चढवला, आणि संतापाच्या भरात, निव्वळ सवयीनं, त्या चुरगळलेल्या गादीला म्हणालो, "सांभाळ." मूर्खपणाच. कुणीही उत्तर दिलं नाही, शप्पथ. फक्त बाहेर पडताना खांदा जरा उबदार वाटला.

परतलो तर बायको खुशीत. "आज काय झोपलात हो! चक्क घोरत होतात. उठून हिच्या वेण्यासुद्धा घातल्यात."

"मी कामावर होतो."

"ते नंतर गेलात."

मला वेण्या घालता येत नाहीत, आजतागायत आल्या नाहीत. लेकीच्या वेण्या मात्र घट्ट, सुरेख होत्या. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, झोप नसली की माणूस केलेलं विसरतो. विसरतो, ठीक आहे. पण न शिकलेलं करतो कसा?

पुढे हे नेहमीचंच झालं. मी भट्टीपुढे भाजून घरी यावं, तर गादी आधीच कुणाच्या तरी अंगानं ऊन झालेली असायची. "दुपारची गोष्ट पुढे सांग ना, बाबा," लेक म्हणायची आणि मला गोष्टच ठाऊक नसायची. मग तिचा चेहरा उतरायचा, आणि मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत राहायची. बायको आता भावाचं नाव काढत नव्हती. घर कसं सुखात होतं! माझ्याच पलंगावर, माझ्या वाटणीची झोप कुणीतरी पोटभर घेत होतं, आणि माझ्या डोळ्यांत मात्र दिवसरात्र वाळू.

एका दुपारी तळपायाची आग मस्तकात गेली. कामाच्या ऐन मध्यात मी खुर्चीवरून उठलो. गोडबोल्या धावत आला. "दादा, अहो, बदली आल्याशिवाय?"

"तू बस," मी म्हटलं आणि निघालो. जो कुणी असेल त्याला आज मानगूट धरून बाहेर काढायचा, बायकोसमोर, लेकीसमोर, असं मनाशी घोकत मी जिना चढलो. बेलचं बटण मी दाबूनच धरलं.

लेकीनं दार किलकिलं केलं. आतली साखळी काढली नाही. मला नीट, खालून वर न्याहाळून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"काका, ओरडू नका हं," ती कुजबुजली. "बाबा झोपलाय."